१७९ म्हणजे कोणते अक्षर? जुन्या कन्सोलच्या पडद्यावरील गोंधळाचा इतिहास

जुन्या संगणकप्रणालीवर एखादा कन्सोल प्रोग्राम चालवला, तर कधीकधी विचित्र दृश्य दिसते. लाल रंगात सूचना यायला हवी, त्याऐवजी डावीकडे तोंड असलेला बाण, चौकोनी कंस, ३१ हा आकडा आणि ‘एम’ हे रोमन अक्षर उमटते. चौकटीच्या रेषांच्या जागी डोक्यावर टिंबे असलेली परकी अक्षरे रांगेने उभी राहतात. प्रोग्रामचे गणित मात्र अचूक असते. मग चूक कोणाची? उत्तरासाठी आपल्याला पडदा नसलेल्या काळापासून सुरुवात करावी लागेल.

कागदाकडून पडद्याकडे

१९६३ साली आस्की ही संकेतप्रणाली आली. तिच्यात १२८ संकेत आहेत. पहिले ३२ अक्षरांसाठी नाहीत, तर ‘ओळ बदला’, ‘घंटा वाजवा’ अशा आज्ञांसाठी आहेत. कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपला एवढे पुरेसे होते. १९७०च्या दशकात पडद्याचे टर्मिनल रुळले आणि नवी गरज निर्माण झाली: कर्सर कुठेही नेणे, मजकूर पुसणे. त्यासाठी २७ क्रमांकाच्या ‘एस्केप’ संकेताने सुरू होणाऱ्या आज्ञामालिका वापरात आल्या.

अडचण अशी की या मालिका सर्वत्र सारख्या नव्हत्या. डेक कंपनीच्याच व्हीटी-५२ची कर्सर हलवण्याची आज्ञा वेगळी आणि १९७८च्या व्हीटी-१००ची वेगळी. युनिक्सवर बिल जॉय यांनी ‘टर्मकॅप’ ही टर्मिनलांची नोंदवही तयार करून यावर तोड काढली. प्रोग्राम तिच्यात पाहून योग्य मालिका पाठवी. मात्र टर्मिनलचे नाव चुकीचे सांगितले की पडदा विस्कटलाच! १९७९ साली अमेरिकेत या मालिकांचे ‘अ‍ॅन्सी’ प्रमाणक ठरले.

पीसीची वेगळी वाट

१९८१च्या आयबीएम पीसीत पडदा दूरच्या तारेवर नव्हता, तो संगणकाच्या स्मृतीतच होता. ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षरासाठी आणि एक रंगासाठी. प्रोग्राम थेट तिथे लिहीत. त्यामुळे मालिकांची निकड उरली नाही. १९८३च्या एमएस-डॉस २.० मध्ये त्या समजणारा ‘अ‍ॅन्सी डॉट सिस’ हा चालक आला, पण तो ऐच्छिक होता. तो बसवलेला नसेल, तर मालिका आज्ञा म्हणून न पाळता मजकूर म्हणून छापली जाई. आयबीएमच्या वर्णसंचात २७ चे चित्र म्हणजे डावीकडचा बाण. सुरुवातीला पाहिलेला बाण तो हाच.

१९९३च्या विंडोज एनटीने कन्सोलसाठी स्वतंत्र फंक्शन दिली. ३२-बिट प्रोग्रामांच्या एस्केप मालिका त्याचा कन्सोल ओळखत नसे. युनिक्सवरून आणलेले प्रोग्राम म्हणूनच तिथे अडखळत. ही उणीव विंडोज १० मध्ये, दोन दशकांहून अधिक काळाने, भरून निघाली.

एक आकडा, तीन अर्थ

आता अक्षरांकडे वळू. आस्कीच्या १२८ संकेतांपुढची जागा ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे भरली. १७९ हा आकडा घ्या. आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये ती चौकटीची उभी रेषा आहे. विंडोजच्या १२५२ मध्ये तो घातांकातला छोटा ३ आहे. आणि १९९१च्या भारतीय प्रमाणकात, म्हणजे इस्कीत, तो आहे ‘क’! बाइट तोच, वाचणारा बदलला की अर्थ बदलला.

देवनागरीपुढे आणखी एक पेच होता. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण वेलांटी दिसते डावीकडे. ‘क्षि’ मध्ये चार संकेत आहेत, तरी डोळ्यांना एकच जोडाक्षर दिसते. एका संकेताला एक घर देणाऱ्या कन्सोलला हे झेपत नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने पीसीत वेगळे कार्ड बसवून हा प्रश्न हाताळला. युनिकोडने ‘कोणते अक्षर’ हा वाद मिटवला. ‘किती घरे’ हा प्रश्न मात्र मागे उरला.

यातून काय घ्यायचे?

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्याचा अर्थ लिहिणारा आणि दाखवणारा यांच्यातील करारात असतो. उद्या एखाद्या कार्यालयातील जुनी इस्की फाइल तुमच्या हाती आली आणि तीत नुसती चिन्हे दिसली, तर ती खराब झाली असे ठरवू नका. घाईने दुसऱ्या संकेतप्रणालीत जतनही करू नका, कारण त्यात मूळ बाइट बदलून मजकूर कायमचा हरवू शकतो. आधी मूळ प्रत बाजूला ठेवा, मग विचारा: हे लिहिणाऱ्याच्या पडद्यावर १७९ म्हणजे काय होते?