सम्राटाचे फर्मान आणि मंडळीची पेटी

रोमन सम्राट ज्युलियन इ. स. ३६१ ते ३६३ असा जेमतेम वीस महिने गादीवर होता. ख्रिस्ती संस्कारांत वाढूनही त्याने तो धर्म टाकला आणि जुन्या देवतांची पूजा पुन्हा प्रतिष्ठित करण्याचा चंग बांधला. गलतिया प्रांताचा प्रमुख पुजारी आर्साकियस यास त्याच्या नावे गेलेले एक पत्र उपलब्ध आहे. (ते अस्सल नसावे, अशी शंका अलीकडे काही अभ्यासकांनी घेतली आहे, पण तिने इतर पुराव्यास बाध येत नाही.) नगरोनगरी धर्मशाळा बांधाव्यात, प्रांतासाठी दरसाल ३०,००० मापे धान्य व ६०,००० मापे मद्य मंजूर केले आहे, त्याचा पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांस व उरलेला परक्यांस आणि याचकांस द्यावा, असा त्यात हुकूम आहे. शिस्त न पाळणाऱ्या पुजाऱ्यास पदावरून दूर करण्याची ताकीदही आहे. सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या वाचकांस ही भाषा अपरिचित वाटू नये.

फर्मानामागील कारण सम्राटाने लपविले नाही. हे ‘गालीलकर’, म्हणजे ख्रिस्ती, आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात, ही त्याची खंत होती.

या गालीलकरांपाशी शाही कोठार नव्हते. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुलियन सांगतो की, मंडळीची एक पेटी असे, तीत ज्याने त्याने महिन्यातून एकदा, इच्छा व ऐपत असेल तर, काही टाकावे, सक्ती नाही. त्या पैशातून गरिबांचे अन्न व अंत्यविधी, पोरकी मुले, वृद्ध नोकर, गलबत फुटून निराधार झालेले लोक आणि श्रद्धेपायी खाणींत वा तुरुंगांत खितपत पडलेले बांधव यांची सोय होई. प्रेमालाही हिशेब लागतो, हे त्या लोकांनी लवकरच ओळखले होते. इ. स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो: ४६ वडील, ७ डीकन आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या १,५०० हून अधिक विधवा व गरजू. आदल्याच वर्षी सम्राट डेशियसच्या हुकमाने या मंडळ्यांचा छळ झाला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

मग साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की, त्याच्या मंडळीतील लोकांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांचे डोळे मिटले, त्यांस स्नान घातले, आणि कित्येक स्वतःच त्या रोगास बळी पडले. इतर नागरिकांनी रोगी रस्त्यावर टाकले, असेही तो म्हणतो. हे विधान एका पक्षाचे आहे, तेव्हा ते तोलूनच घ्यावे. कार्थेजमध्ये बिशप सिप्रियनने मंडळी जमवून सांगितले की, केवळ आपल्याच माणसांवर माया करण्यात नवल नाही. छळ करणाऱ्यांचीही सेवा व्हावी, असा त्याचा आग्रह होता. त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो की, कामे ऐपतीप्रमाणे वाटली गेली, आणि ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांनी अंगमेहनत दिली. माझ्या मते सारे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. शाही धान्य घेणारा गरीब घेणाराच राहतो. कार्थेजच्या मंडळीत तो देणाराही झाला. पुढे इ. स. २५८ मध्ये सिप्रियनचा शिरच्छेद झाला.

ज्युलियन इराणच्या मोहिमेत जखमी होऊन वारला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी कप्पदुकियातील कैसरिया येथे दुष्काळ पडला. तेथील बॅसिल याने श्रीमंतांची कोठारे उघडविली, आणि पुढे बिशप झाल्यावर नगराबाहेर प्रवाशांसाठी निवास व रोग्यांसाठी शुश्रूषागृह उभारले. कुष्ठरोग्यांसही तेथे जागा होती. आता कागाळी उलट दिशेने गेली: या बांधकामाने राज्याचे नुकसान होते, असे प्रांताधिकारी एलियस याच्या कानी घालण्यात आले. बॅसिलने त्यास लिहिलेले पत्र आजही वाचावयास मिळते. वाटसरूंस आसरा आणि आजाऱ्यांस वैद्य, परिचारक, ओझ्याची जनावरे व सोबती पुरविल्याने नेमके कोणाचे नुकसान होते, एवढेच तो त्यात विचारतो.