मधुमेही मांजराची घरगुती शुश्रूषा : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सोनगीर परिसर, जि. धुळे)

बीजसंज्ञा : मधुमेह, मांजर, इन्सुलिन, पशुवैद्यक, खानदेश, घरगुती शुश्रूषा

प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर वसलेले सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात परिचित आहे. अशा गावातील शेतकरी कुटुंबात बैल, गाय, म्हैस व शेळी यांची गणना धनात होते. मांजर घरात वावरते, धान्याच्या कणगीभोवती उंदरांवर लक्ष ठेवते, पण पशुधनात त्याची नोंद नसते. गोठ्यातील जनावराने वैरण सोडली की पशुवैद्यकाला निरोप जातो. मांजर खंगू लागले की 'म्हातारे झाले' एवढ्यावर विषय संपतो.

अलीकडच्या काळात हे चित्र बदलत आहे. मांजर सतत पाणी पिते, वारंवार लघवी करते, भरपूर खाऊनही वाळत जाते, ही लक्षणे घेऊन पालक दवाखान्यात येतात आणि निदान मधुमेहाचे होते. त्यानंतर दररोज दोन वेळा इन्सुलिन कोणी द्यावे, रक्तातील साखर कोणी तपासावी आणि काय खाऊ घालावे, हे प्रश्न दवाखान्यातून थेट घरात येतात. पशुवैद्यकाचे काम निदान व मार्गदर्शनाचे असते. प्रत्यक्ष उपचार स्वयंपाकघरात होतो. हा उपचार घरापर्यंत कसा पोहोचला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मधुमेहविषयक ज्ञानाच्या विकासात प्राण्यांचे स्थान तपासणे.
२) महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय व्यवस्थेत मांजर उपेक्षित का राहिले, याची कारणे शोधणे.
३) ग्रामीण खानदेशाच्या संदर्भात घरगुती शुश्रूषेची शक्यता व मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्राचीन ज्ञानपरंपरा

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. लघवीचा गोडवा आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या ही त्याची खूण प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. स्थूल रोगी आणि कृश रोगी असा भेद करून त्यांच्यासाठी वेगळी चिकित्सा सांगणारी चरकाची दृष्टी आजच्या वाचकालाही विचार करायला लावते. पशुचिकित्सेचीही स्वतंत्र परंपरा भारतात होती. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नावाने गजवैद्यक प्रसिद्ध आहे. या परंपरेचा रोख प्रामुख्याने राजाच्या सैन्याला व राज्याच्या वैभवाला उपयोगी पडणाऱ्या प्राण्यांवर होता. घरातील मांजराला त्यात रुग्ण म्हणून जागा मिळाली नाही. उपयुक्ततेनुसार उपचार हे सूत्र पुढेही दीर्घकाळ टिकले.

वसाहतकालीन पशुवैद्यक आणि मांजर

मुंबईत परळ येथे १८८३ साली सर दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुढे हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. या संस्थांपैकी प्रयोगशाळेसमोरील मुख्य आव्हान बुळकांडीसारख्या साथींचे होते. बैल मेला की शेत पडीक आणि कुटुंब कर्जात, अशी स्थिती असलेल्या प्रदेशात हा अग्रक्रम स्वाभाविकच होता. बुळकांडीचे जागतिक उच्चाटन जाहीर होण्यास २०११ हे वर्ष उजाडावे लागले.

या काळात मांजराचा विचार झालाच नाही, असे मात्र नाही. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले. उंदीर व प्लेग यांचा संबंध सिद्ध झाल्यावर भारतीय वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ मध्ये प्लेगप्रतिबंधासाठी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. मात्र येथेही मांजर हे साधन होते. त्याच्या स्वतःच्या आजाराचा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या आणि ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे विस्तारले. लसीकरण, कृत्रिम रेतन आणि दुग्धव्यवसाय यांना या व्यवस्थेने बळ दिले. मांजराची नियमित रक्ततपासणी हा तिचा हेतू नव्हता. त्यामुळे छोट्या प्राण्यांची चिकित्सा मोठ्या शहरांत केंद्रित होत गेली.

प्राण्यांच्या ऋणातून आलेले औषध

आधुनिक मधुमेहविज्ञानाचा इतिहास प्राण्यांशिवाय लिहिता येत नाही. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाच्या लघवीतील गोडवा साखरेचा असल्याचे दाखविले. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की व योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोणत्या अवयवात शोधावे, हे त्यामुळे निश्चित झाले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मधुमेही केलेल्या कुत्र्यांवर स्वादुपिंडाच्या अर्काचे प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिली सुई देण्यात आली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यानंतर मात्र त्याची साखर उतरली.

त्यानंतर सुमारे सहा दशके जगाला मिळालेले इन्सुलिन प्रामुख्याने कत्तलखान्यातील गाईबैल व डुकरांच्या स्वादुपिंडापासून तयार होत असे. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. पुढील तुलनेतून असे दिसून आले की, मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, तर मानवी इन्सुलिनपेक्षा चार अमिनो आम्लांनी. १९८२ साली जनुकतंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि प्राणिज इन्सुलिन हळूहळू मागे पडले. मानवी रुग्णासाठी ही प्रगती होती. मांजराच्या दृष्टीने मात्र त्याला सर्वांत जवळचे असलेले औषध दुर्मीळ झाले.

मांजराने या विज्ञानाला आणखी एक देणगी दिली आहे. १९८७ साली पेर वेस्टरमार्क व सहकाऱ्यांनी मानवी अर्बुदातून आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातून अमायलिन या प्रथिनाची ओळख पटविली. माणसातील प्रौढवयीन मधुमेह आणि मांजराचा मधुमेह यांत लक्षणीय साम्य आहे. वाढते वय, लठ्ठपणा, हालचालींचा अभाव हे धोके दोघांनाही सारखेच आहेत. मांजरांमध्ये खच्चीकरण झालेल्या बोक्यांत हा आजार अधिक आढळतो.

तपासणीचा प्रवास : प्रयोगशाळेतून घरात

विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी मोरचुदापासून, म्हणजे तांब्याच्या क्षारापासून, तयार केलेले निळे द्रावण पुढे अनेक दशके दवाखान्यांत वापरात होते. लघवी मिसळून तापविल्यावर निळ्याचा हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी रंग होई. ज्या धातूला सोनगीरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आकार देत आले, त्याच धातूने मधुमेहाचे निदान सर्वसामान्य दवाखान्याच्या आवाक्यात आणले. पुढे चाचणीपट्ट्या आल्या आणि १९८० च्या दशकापासून घरगुती ग्लुकोमीटरचा प्रसार होत गेला.

मांजराच्या बाबतीत घरच्या तपासणीचे महत्त्व अधिक आहे. पिशवीत घालून, बसच्या आवाजात, अनोळखी टेबलावर नेलेल्या निरोगी मांजराचीही साखर भीतीमुळे बरीच वाढू शकते. म्हणून एकाच तपासणीवर निदान न करता लघवीतील साखर आणि मागील काही दिवसांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी यांचा आधार घेतला जातो. झ्युरिक येथील संशोधकांनी २००० च्या सुमारास मांजराच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचून थेंबभर रक्तावर तपासणी करण्याची पद्धत अभ्यासली. माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षापेक्षा काहीशी कमी दाखविते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

या प्रवासातील निर्णायक टप्पा २००९ हा होय. रेट मार्शल, जॅकी रँड व जॉन मॉर्टन यांच्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या आठ मांजरांना ग्लार्जिन इन्सुलिन आणि अल्प पिष्टमय आहार देण्यात आला. आठही मांजरांची इन्सुलिनची गरज संपली. त्याच वर्षी कर्स्टन रूम्प व जॅकी रँड यांनी पालकांनीच घरी तपासणी व उपचार केलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झाली. उशीर झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. 'पुढे पाहू' या वृत्तीची किंमत या दोन आकड्यांतील अंतराने स्पष्ट होते.

सोनगीर परिसरातील वास्तव

हे ज्ञान खानदेशातील घरात उतरताना चार प्रश्न समोर येतात.

पहिला प्रश्न आहाराचा. आपल्याकडे मांजराच्या वाट्याला परंपरेने दूध-भाकरी, दूध-पोळी किंवा भात येतो. मांजर स्वभावतः मांसाहारी असून पिष्टमय पदार्थ पचविण्याची त्याची क्षमता मर्यादित आहे. मधुमेही मांजराला प्रथिनयुक्त आहार द्यावा लागतो. शाकाहारी कुटुंबासाठी हा केवळ खर्चाचा नव्हे, तर आचाराचाही प्रश्न ठरतो आणि तो सामोपचाराने सोडवावा लागतो. भाकरी एकदम बंद केल्यास साखर झपाट्याने उतरते. म्हणून आहारातील बदल आणि इन्सुलिनची मात्रा यांचा मेळ पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घालावा लागतो.

दुसरा प्रश्न सिरिंजचा. भारतात मानवी इन्सुलिनच्या कुप्या प्रायः एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाच्या असतात, तर ग्लार्जिन १०० युनिट प्रमाणाचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते. १०० युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरल्यास अडीचपट मात्रा जाते. मांजराला प्रारंभी साधारणतः दर बारा तासांनी एक ते दोन युनिट पुरतात. त्यामुळे ही चूक प्राणघातक ठरू शकते.

तिसरा प्रश्न उन्हाळ्याचा. खानदेशात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेल्यास पाण्याच्या माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भांड्यात ते काही काळ सुरक्षित ठेवता येते. बर्फात गोठलेले इन्सुलिन मात्र निरुपयोगी होते.

चौथा प्रश्न आणीबाणीचा. मांजर लडखडू लागले, निपचित पडले किंवा झटके आले, तर साखर अतिशय उतरली असण्याची शक्यता असते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तत्काळ दवाखाना गाठावा लागतो. मांजराने खाणे टाकले व उलट्या होऊ लागल्या, तर रक्तात आम्ल वाढल्याची शंका घ्यावी लागते. तेथे घरचा इलाज चालत नाही. जेवण न घेतलेल्या मांजराला नेहमीची पूर्ण मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारणे आवश्यक असते.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे देण्याच्या औषधांना मांजरांसाठी मान्यता मिळाली. सुई टोचण्याची भीती असलेल्या पालकांना हा दिलासा असला, तरी पूर्वी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देऊ नयेत, असा स्पष्ट इशारा आहे. साखर नियंत्रणात दिसत असतानाही आम्लवाढ होऊ शकत असल्याने येथेही घरचे लक्ष अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

१) मधुमेहविषयक ज्ञान कुत्रा, गाय, डुक्कर आणि मांजर यांच्या देहांतून उभे राहिले. त्याचा लाभ मांजरापर्यंत मात्र सर्वांत उशिरा पोहोचला.

२) महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय व्यवस्थेचा पाया शेतीच्या गरजांवर घातला गेला. मांजराची उपेक्षा ही निर्दयतेपेक्षा अग्रक्रमाची परिणती होती. आज ती कायम ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

३) या आजारात पहिले सहा महिने निर्णायक आहेत. निदान होताच आशा सोडणे किंवा थोडा आराम पडताच परस्पर इन्सुलिन बंद करणे, या दोन्ही गोष्टी मांजराची बरे होण्याची संधी हिरावतात.

४) खानदेशातील अनेक घरांत आज एखादी मधुमेही व्यक्ती आहे. तेथे ग्लुकोमीटर आहे, सुई टोचण्याची सवय आहे आणि पथ्याचे भानही आहे. आजोबांची साखर वहीत टिपणारी सून किंवा नात त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर मांजराची साखर, मात्रा आणि खाणे यांची नोंद ठेवू शकते. दर भेटीला ती वही पशुवैद्यकासमोर ठेवली, तर वीस किलोमीटरचे अंतर उपचाराच्या आड येणार नाही.