जुन्या बंगल्यांची धुराडी : सिमेंट नको, चुनाच हवा

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथील ब्रिटिशकालीन बंगल्यांच्या उतरत्या छपरांवर विटांचे धुराडे दिसले, की त्या वास्तूचे वय सांगावे लागत नाही. खालच्या दिवाणखान्यातील फायरप्लेस अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे पेटलेली नसते. त्यामुळे धुराड्याची आठवण होते ती छपरातून पाणी ठिबकू लागल्यावर किंवा एखादी वीट अंगणात येऊन पडल्यावर. मग घाईने गवंडी बोलावला जातो, तो सिमेंट थापून देतो आणि काही पावसाळ्यांनंतर धुराड्याची अवस्था पूर्वीपेक्षाही वाईट होते. दोष बहुधा गवंड्याच्या हाताचा नसतो, मालाचा असतो.

भारतात पोर्टलंड सिमेंटचे उत्पादन १९१४ साली पोरबंदर येथे सुरू झाले. त्यापूर्वीची बांधकामे प्रामुख्याने चुन्यातील आहेत. त्या काळच्या विटा आजच्या यंत्राच्या विटांपेक्षा मऊ आणि सच्छिद्र. त्यांनी शोषलेले पावसाचे पाणी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सांध्यांत सिमेंट भरले, की ही वाट बंद होते. बारीक भेगांतून पाणी आत शिरते. बाहेर पडताना मात्र ते विटेच्या दर्शनी भागातून पडते आणि सोबतचे क्षार तेथेच साठतात. लोणा लागतो, विटेचे पापुद्रे सुटतात. शेवटी विटा झिजून आत जातात आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या पुढे उरतात. सांधा विटेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज सांध्याची होते, हा जुन्या बांधकामातील मूळ नियम आहे. सांधा पुन्हा भरता येतो, झिजलेली वीट भरून येत नाही.

घराच्या भिंतीपेक्षा धुराड्याला अधिक सोसावे लागते. त्याला चारही बाजूंनी वारा-पाऊस लागतो. महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या झडी बांधण्याची पद्धत आहे. धुराडे मात्र उघडेच राहते. शिवाय कोळसा जाळला गेला असेल, तर धुरातील गंधकाचे क्षार आतून सांध्यांवर परिणाम करतात. अशा क्षारांमुळे सिमेंटचा सांधा फुगतो आणि धुराडे एका बाजूला कलू लागते.

म्हणूनच पहिली तपासणी ओळंब्याने करावी. धुराडे कललेले असेल किंवा त्यावर उभी, रुंद होत जाणारी भेग असेल, तर सांधे भरून उपयोग नाही. छपरावरचा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो आणि त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा. धुराडे सरळ असेल, तर काम आवाक्यातले आहे. परांची मात्र पक्की हवी. छपरावर शिडी टेकवून हे काम करू नये.

सांध्यांतील भुसभुशीत माल हातछिन्नीने २० ते २५ मिलिमीटर खोलीपर्यंत काढावा. विजेचे कटर विटांच्या कडा कापते, म्हणून ते टाळावे. सांधे धुऊन ओले करावेत आणि एक भाग विरवलेला चुना व तीन भाग स्वच्छ वाळू या प्रमाणातील माल दाबून भरावा. वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड घातली, तर चुना ओलाव्यातही घट्ट होतो. उघड्यावरच्या धुराड्याला ती हवीच. लवकर घट्ट व्हावे म्हणून ‘थोडेसे’ सिमेंट मिसळण्याचा गवंड्यांना मोह होतो. तो मोडून काढावा. भरलेले सांधे किमान आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. चुना सावकाश पक्का होतो, त्यामुळे पाऊस सरल्यानंतरचे महिने या कामाला योग्य.

पूर्ण झिजलेली वीट बदलताना नवी, कडक वीट बसवू नये. पाडलेल्या जुन्या बांधकामातील त्याच मापाची वीट शोधावी. कधी कधी तीच वीट काढून उलटी बसवली तरी भागते, कारण तिची मागची बाजू शाबूत असते.

धुराड्याच्या माथ्यावरील उतार आणि छपराशी मिळणारा सांधा हीसुद्धा गळतीची ठिकाणे आहेत. तेथील धातूचा पत्रा त्याच परांचीवरून बदलून घ्यावा. वापर नसला तरी धुराडे वरून पूर्ण बंद करू नये. पाऊस अडवणारी आणि हवा जाऊ देणारी टोपी बसवावी, अन्यथा आत ओल धरते. वापर पुन्हा सुरू करायचा असेल, तर आतला मार्ग साफ करून तो कुठे फुटलेला नाही ना, हे तपासणे अनिवार्य आहे. फुटलेल्या धुराड्यातून खोलीत येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि झोपेतच माणूस दगावू शकतो.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली, तर माथेरान २००३ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. त्यामुळे धुराडे उतरवून बांधायचे असल्यास गिरिस्थान नगरपरिषदेकडे आधी चौकशी करावी.