गिरगावचा वसंत : नाच, धाव आणि चढण

मुंबईत वसंत येतो तरी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. इथे बर्फ वितळत नाही की उघडी पडलेली झाडे एका रात्रीत हिरवी होत नाहीत. पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. पण मुंबईकराच्या अंगाला तो त्याआधीच कळतो. माघ सरता सरता पहाटेची थंडी उतरते, फाल्गुनात पळस-पांगारे पेटतात आणि वैशाख लागला की घामाच्या धारांपुढे काही सुचत नाही. मधले काही आठवडे तेवढे शरीराला मोकळे वाटतात. या आठवड्यांत गिरगावकरांची पावले कशी नाचली, धावली आणि चढली, हे पाहिले की या शहरातल्या वसंताचा एक विशेष लक्षात येतो. तो आनंद नेहमी मुदतीचा होता, आणि ती मुदत बहुतेक वेळा चंद्र ठरवत असे.

त्यासाठी खोताच्या वाडीइतकी सोयीची जागा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्यांच्या हुद्द्यावरून वाडीला नाव मिळाले. लाकडी सज्जे, कौलारू छपरे, बाहेरून चढणारे जिने आणि घरापुढचा व्हरांडा अशी ही वस्ती. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र बरेच नंतरचे. व्हिक्टोरिया राणीच्या १८८७च्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उत्तर कोकणातल्या या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने ते घेतले. वाडीच्या आसपास हिंदूंच्या चाळी उठल्या. जवळच्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. म्हणजे थोड्या पावलांच्या अंतरात दोन कालगणना नांदत होत्या.

दोन म्हणायच्या खऱ्या, पण त्यांचा चंद्र एकच. होळी फाल्गुनी पौर्णिमेला. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, आणि चर्चने हा संपात २१ मार्चला धरलेला. त्यामुळे ईस्टरमागची पौर्णिमा बहुधा चैत्राची असते, कधी फाल्गुनाची. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो, उपवासकाळ सुरू होतो आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कार्निव्हल. २०२३मध्ये महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि कार्निव्हलचा शेवटचा दिवस २१ फेब्रुवारीला. २०२४मध्ये २४ मार्चला संध्याकाळी होळी पेटली, तोच दिवस झावळ्यांच्या रविवारचा होता. हा योगायोग नव्हे. दोन्ही धर्मांनी हिवाळा संपल्याची खूण आकाशात एकाच ठिकाणी शोधली, त्याचा हा परिणाम आहे.

फरक आहे तो क्रमात. ख्रिस्ती घरात आधी नाच, मग संयम. कार्निव्हल आटोपला की नाच-गाणे, लग्ने, मेजवान्या थांबतात, त्या ईस्टर होईपर्यंत. हिंदू घरात वर्षाच्या शेवटी शिमग्याचा धिंगाणा आणि पंधरवड्याने पाडव्याची गुढी, म्हणजे आधी सगळे मोकळे सोडायचे, मग नव्याने मांडायचे. त्यामुळे बहुतेक वर्षी शेजारच्या चाळीत रंग उडत असताना वाडीतली घरे उपवासात असणार. एकाचा उत्सव आणि दुसऱ्याचे व्रत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालणे, हा गिरगावच्या शेजारधर्माचा मुख्य धडा मानायला हवा.

शिमग्याचे हे मोकळे सोडणे सर्वांना रुचत नव्हते. अचकटविचकट बोलणे, दारू, चिखलफेक यांवर सुधारकांचा रोष होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ‘होलिका संमेलना’ची चळवळ झाली आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर तिच्यात पुढे होते. होळीच्या दिवसांत लोकांना खेळ आणि निकोप करमणूक द्यावी, असा तिचा विचार. बेभान होऊन धावणाऱ्या पायांना नियमाने धावायला लावण्याचा हा प्रयत्न होता. वसंताचा उत्साह नाकारायचा नाही, त्याला मैदान द्यायचे, ही कल्पना आजही जुनी वाटत नाही.

मैदानाची हीच गोष्ट थोड्याच वर्षांत पुण्यात वेगळ्या रूपात दिसली. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतली मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकचे वेध लागले. १९२०च्या एप्रिलमध्ये, ऐन चैत्र-वैशाखाच्या उन्हात, पुण्यात निवडीच्या स्पर्धा झाल्या. बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ देऊन एकोणिसावे आले. युरोपातल्या धावपटूंना वसंत म्हणजे थंडीतून सुटका, तर आपल्या धावपटूंना तो उन्हाशी स्पर्धा. सूर्य वर यायच्या आत पल्ला संपवायचा, ही मुदत चंद्राने नव्हे, सूर्याने घातलेली.

चढणीची परंपरा मात्र पुन्हा चंद्राकडे नेते. गिरगाव या नावातच गिरी आहे, आणि चौपाटीवरून मलबार टेकडीवर जाणाऱ्या सिरी रोडचे नाव ‘शिडी’वरून आले असे सांगतात. पण वसंतातली खरी चढण कार्ल्याची. चैत्र शुद्ध सप्तमीला एकवीरा आईची पालखी निघते. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभूंतील घराणी तिला कुलदेवी मानतात. मुंबईच्या कोळीवाड्यांतून माणसे वाजतगाजत येतात, शेकडो पायऱ्या चढतात, आणि पायथ्यापासून देवळापर्यंत नाच थांबत नाही. देऊळ आहे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध चैत्यगृहाच्या दारात. १८६३मध्ये भोर घाटातून रेल्वे गेली आणि मुंबईकराला घाटमाथा एका दिवसाच्या आवाक्यात आला. १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था निघाली, तेव्हा डोंगर चढणे ही हौसेची गोष्ट झाली होती. यात्रेकरू आणि गिर्यारोहक यांचे हेतू वेगळे, पण दोघेही त्याच लोहमार्गाने सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचले.

आज पाडव्याच्या सकाळी फडके गणपती मंदिरापासून गिरगावची शोभायात्रा निघते. लेझीम, ढोल-ताशे, नऊवारीतल्या दुचाकीस्वार स्त्रिया. हे दृश्य पुरातन वाटते, पण आजच्या रूपातल्या या यात्रा विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी डोंबिवलीतून सुरू झाल्या आणि मग इतरत्र पसरल्या. तिच्यातली लेझीम मात्र जुनी, तालमीतली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले, त्या तालमीच्या परंपरेतलीच ती. नव्या यात्रेने जुने पाऊल उचलले, म्हणून ती यात्रा खोटी ठरत नाही. मात्र तिचे वय माहीत असलेले बरे. नाहीतर कालची प्रथा उद्या कुणाला तरी बाहेर ठेवण्याचे कारण होते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक बदल झाला. २००४मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे जानेवारीत स्थिरावली. धावणे हिवाळ्यात गेले, नाच वातानुकूलित सभागृहात, आणि डोंगर पावसाळी सहलींत. शरीराच्या दृष्टीने ही सोय योग्यच. पण सगळे बारमाही झाले की ‘एवढेच दिवस’ ही हुरहूर जाते, आणि शेजाऱ्याचे व्रत कधी सुरू होते, कधी सुटते, याची वाट पाहण्याचे कारणही जाते.

खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ घरे होती. आज तिशीहून कमी उरली आहेत. एखादा सज्जा गेला की एक वास्तू जाते, तसेच वरून खालचा रंग पाहणारा, पण त्या दिवशी खाली न उतरणारा शेजारीही जातो. वारसा मोजताना आपण लाकूड आणि कौले मोजतो. पौर्णिमा कुठली, होळीची की ईस्टरची, हे एकमेकांना विचारणारी माणसे मोजत नाही. त्या माणसांमुळेच या अरुंद गल्लीत वसंताला दोन दारांनी येता येत होते.