पाटीलबाबा महादजी शिंदे

श्रोतेहो, पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की शिरवळजवळ नीरा ओलांडताच आपला सातारा जिल्हा लागतो. पुढे खंडाळा, मग खंबाटकीचा घाट. घाट उतरून सातारा गाठावा आणि पूर्वेस कोरेगावच्या अंगाला वळावे, म्हणजे त्या तालुक्यात कण्हेरखेड नावाचे गाव आहे. या साऱ्या मुलुखातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जात आली आहेत. कुणी पदक घेऊन परततो, कुणी अधू होऊन. लढाईतून परतलेल्या माणसाने पुढे काय करावे? कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातील एका पुरुषाने तेहतीस वर्षे राबून याचे उत्तर दिले. ते महादजी शिंदे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. शिंद्यांच्या घरात त्याआधीच दोन कर्ते पुरुष गेले होते. थोरले बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पानिपताने पुतणे जनकोजींनाही नेले. महादजी रणातून निसटले खरे, पण पाठीवर आलेल्या अफगाण स्वाराने पायावर असा घाव घातला, की ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले, अशी हकीकत सांगतात. महादजींनी त्याला भाऊ मानले. हे नाव ध्यानात असू द्या.

घराण्याची सरदारीही सहज मिळाली नाही. वारसाहक्काचा तंटा काही वर्षे चालला. अखेर माधवराव पेशव्यांनी महादजींचा हक्क मान्य केला. मग हा लंगडा सरदार पुन्हा उत्तरेकडे वळला. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेल्या शहा आलम बादशहाला १७७२ च्या आरंभी तख्तावर आणून बसविले. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांत!

पण महादजी नुसते लढवय्ये नव्हते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रज फौज कोंडून तिला तह करायला लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले, माळव्यात धक्के दिले. तेव्हा हट्टाला न पेटता त्यांनी मध्यस्थी पत्करली. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण राघोबादादांचा पक्ष त्यांना सोडावा लागला. कुठे लढावे आणि कुठे बोलावे, हे या पाटलाला कळत होते.

१७८४ मध्ये बादशहाने आपल्या साऱ्या कारभाराची मुखत्यारी, म्हणजे ‘वकील-इ-मुतलक’ हे पद, पेशव्यांच्या नावे दिले. पेशव्यांचे नायब म्हणून कारभार महादजींनी पाहावयाचा. त्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. १७८७ मध्ये लालसोटला माघार घ्यावी लागली, तरी ते खचले नाहीत. १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्ली बळकावून बादशहाचे डोळे काढले. त्याला हुसकावून दिल्ली परत घेणाऱ्या फौजेचा सरदार कोण होता? तोच राणेखान! पखाल वाहणाऱ्याचे उपकार महादजींनी तोंडदेखले मानले नाहीत; त्याच्या हाती फौज दिली.

१७९२ मध्ये ते पुण्यास आले. एवढा अधिकार हाती असूनही ते स्वतःला ‘पाटील’च म्हणवीत. पेशव्यांच्या दरबारात, जोडे सांभाळणे हेच आमच्या घराण्याचे काम, असे म्हणून त्यांनी नवे जोडे पुढे ठेवले, असे सांगतात. यात नम्रता किती आणि मुत्सद्देगिरी किती, हे शिक्षकबंधूंनी मुलांनाच विचारून पाहावे.

मात्र एक उणे सांगितलेच पाहिजे. होळकरांशी त्यांचे जमले नाही. १७९३ मध्ये लाखेरीस शिंदे आणि होळकर यांच्याच फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजी वारले. तेथे त्यांची छत्री आहे. पुढे दहा वर्षेही गेली नाहीत, तोच १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली. एका माणसाच्या अंगावर तोललेले घर तो माणूस गेला की कलते.

म्हणून मंडळी, महादजींची गोष्ट सांगताना केवळ लढायांच्या सनावळ्या सांगू नका. हरून आलेला, पायाने अधू झालेला माणूस राज्य सावरू शकतो, हे सांगा. आणि भाऊबंदकी मिटली नाही, तर सावरलेले राज्यही टिकत नाही, हेही सांगा. आपल्या गावकीला या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.