शीतक द्रव्ये (श्वसनसंचातील)

विषारी वायू वा धुरात श्वसनसंच बांधून उतरणाऱ्याला आत घ्यायची हवा सोसवेल इतकी थंड ठेवणारे पदार्थ. त्यांची गरज मुख्यतः बंद-चक्र संचात पडते. या संचात सोडलेल्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड चुन्याचा थर शोषून घेतो, ऑक्सिजनची भर पडते आणि तीच हवा पुन्हा श्वासात येते. शोषणाच्या क्रियेत दर 44 ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडमागे सुमारे 113 किलोज्यूल उष्णता सुटते, शिवाय पाणी तयार होते. हवा गरम आणि ओलसर होते. ओल्या गरम हवेत कष्टाचे काम फार वेळ करता येत नाही, म्हणून शीतक हा संचाचा जोडभाग नसून गाभ्याचा भाग मानावा.

बर्फ : वितळताना किलोमागे 334 किलोज्यूल उष्णता घेतो. ड्रेगर कंपनीच्या बीजी-4 या चार तासांच्या संचात साच्यात गोठवलेला बर्फ शीतकपेटीत ठेवून झाकण लावतात. बर्फ आधीपासून भरून ठेवता येत नाही. पथक निघतानाच तो घालावा लागतो. त्यामुळे बचाव केंद्रात अखंड चालणारा फ्रीजर हवाच. महाराष्ट्रात हे संच प्रामुख्याने विदर्भातील कोळसा खाणींच्या बचावकार्याशी निगडित आहेत. या कार्यासाठी खाण बचाव नियम, 1985 करण्यात आले.

क्षार व मेण : कॅल्शियम क्लोराइडाचे षट्जलीय स्फटिक सुमारे 29° से.ला, ऑक्टाडेकेन हे मेण 28°ला, ग्लॉबर क्षार 32.4°ला वितळतो. थंड प्रदेशात हे पदार्थ फ्रीजरविना घट्ट राहतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या किनारी पट्ट्यात मात्र मे महिन्याची दुपार 33°च्या पुढेमागे असते. पहिले दोन पदार्थ गोदामातच पातळ होतील आणि वापराच्या वेळी फारशी उष्णता शोषणार नाहीत. ग्लॉबर क्षारही काठावरच, शिवाय वारंवार वितळल्याने त्याचे घटक वेगळे होतात. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटाचे द्वादशजलीय स्फटिक (सु. 35°) येथे अधिक योग्य, पण त्यांच्यामुळे मिळणारी हवा बर्फाइतकी थंड नसते. किनाऱ्यासाठी बर्फच खात्रीचा.

मुक्त-चक्र संच : सोडलेला श्वास बाहेर टाकणारे, अग्निशमन दलाचे नेहमीचे श्वसनसंच (बीए सेट). दाबाखालची हवा प्रसरण पावताना थंड होते, शीतक लागत नाही. तलासरीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 48 वरील रसायन टँकरची गळती किंवा बर्फ कारखान्यातील अमोनियागळती अशा थोड्या वेळाच्या कामांना ते पुरतात.

द्रव हवा : विसाव्या शतकाच्या आरंभी खाण बचावात वापर.