व्हल्व्होडिनिया

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरातला एक्स्ट्रीम मेटल बँड. स्थापना २०१४. गिटारवादक ल्यूक हारहोफ आणि गायक डंकन बेंटली हे आरंभीचे सूत्रधार. खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी, दुहेरी पायपट्टीने वाजवलेल्या ड्रमचा भडिमार, मध्येच एकदम संथ व जड होणारी लय आणि घशातून काढलेला गुरगुराट ही ‘स्लॅम’ व ‘डेथकोर’ शैलींची लक्षणे त्यांच्या संगीतात ठळक आहेत.

‘कॉग्निझंट कॅस्टिगेशन’ (२०१४) या पहिल्या अल्बममुळे या शैलीच्या परदेशी श्रोत्यांत बँडचे नाव झाले. ‘सायकोसॅडिस्टिक डिझाइन’ (२०१६) नंतर अमेरिकेतील ‘युनिक लीडर रेकॉर्ड्स’ने त्यांचे अल्बम प्रसिद्ध केले.

सुरुवातीच्या गीतांत या प्रकारात रूढ असलेली रक्तपाताची व क्रौर्याची वर्णने आहेत. ‘मॉब जस्टिस’ (२०१९) मध्ये आशय मायभूमीकडे वळला. जमावाने परस्पर दिलेली शिक्षा हा शीर्षकाचा विषय. पोलिसांवर भरवसा न उरलेल्या वस्त्यांत अशा घटना आजही घडतात; १९८० च्या दशकात संशयिताच्या गळ्यात पेट्रोलने भिजवलेला टायर अडकवून पेटवून देण्याचे प्रकार घडत. ‘न्याओपे’ हे गीत हेरॉइनमिश्रित स्वस्त नशेवर आहे. हिऱ्यांसाठी सांडणारे रक्त आणि दुष्काळ हेही विषय येतात. ‘प्रेनुंटियस इन्फिनिटी’ (२०२१) मात्र विज्ञानकथेच्या अंगाने जातो.